नारळीकरांच्या विज्ञानकथा चारचौघांत कशा वाचाव्यात

डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचायला घेणार असाल तर एकच सांगणं आहे: एकटे वाचू नका. त्यांची चांगली कथा मध्येच कुठेतरी आपल्याला विचारते, ‘असं झालं असतं तर पुढे काय झालं असतं?’ एकट्यानं वाचताना आपण मनातल्या मनात काहीतरी उत्तर देतो आणि पान उलटतो. शेजारी सातवीतली मुलगी, एसटीतून निवृत्त झालेले काका आणि बी.एस्सी. करणारा पोरगा बसलेला असला की तिघं तीन उत्तरं देतात आणि वाद रंगतो. तो वाद व्हावा म्हणूनच या कथा लिहिल्या आहेत, असं माझं ठाम मत आहे.

मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर नाशिकला इंदिरानगरात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शनिवारी संध्याकाळी वाचनकट्टा चालवते. डिसेंबर २०२१मध्ये ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या आडगावला भरलं आणि नारळीकर त्याचे अध्यक्ष होते. विज्ञानलेखकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता. प्रकृतीमुळे त्यांना नाशिकला येता आलं नाही. २० मे २०२५ला पुण्यात ते गेले. ‘नाव माहिती आहे हो, पण वाचलं काही नाही’ असं म्हणणारे सुशिक्षित लोक मला अजूनही भेटतात. आपापल्या कॉलनीत, शाळेत किंवा भिशीत अशी बैठक सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पुस्तकं आणि बसायची रीत

सुरुवातीला दोनच पुस्तकं लागतात. ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र. नाशिककरांना शोधाशोध करावी लागू नये. १८४० सालापासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय टिळक पथावर आहे, तिथे सभासद व्हा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी जवळपास येत असेल तर तिच्यातही बघा. झेरॉक्स काढून वाटू नका. एक प्रत पुरते, कारण कथा मोठ्यानं वाचायची आहे. प्रत्येकानं दोन-दोन पानं वाचायची आणि पुस्तक पुढे द्यायचं.

दहा-बारा जणांच्या वर माणसं घेऊ नका. वयं मात्र मिसळलेली हवीत. नुसत्या मुलांचा गट केलात तर त्याची शाळा होते आणि नुसत्या ज्येष्ठांचा केलात तर आठवणी सुरू होतात.

आता मुख्य युक्ती. नारळीकरांच्या बहुतेक कथांत एक जागा अशी येते, जिथे कुणी शास्त्रज्ञ किंवा जाणकार मित्र घडलेल्या गोष्टीचा उलगडा करतो. बैठक घेणाऱ्यानं कथा आधी घरी वाचून ती जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवायची. वाचन तिथे आलं की पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, ‘तुमच्या मते काय झालं असेल?’ कितीही आग्रह झाला तरी वीस मिनिटं पुस्तक उघडायचं नाही. उलगडा आधी वाचला तर तो व्याख्यानासारखा वाटतो. स्वतः डोकं चालवून झाल्यावर वाचला तर त्याच ओळींना लोक मान डोलावतात.

दुसरं म्हणजे कथेची खुंटी शोधायची. खुंटी हा आमच्या कट्ट्यावरचा शब्द. नारळीकर जगातली एकच गोष्ट बदलतात आणि बाकी सगळं तिच्यावर टांगतात. माणसं तशीच, मुंबई-पुणं तसंच, चहासुद्धा तसाच. बदललेली ती एक गोष्ट कोणती, हे प्रत्येकानं एका वाक्यात वहीत लिहायचं. हे वाक्य जमलं की कथा समजली.

पहिली बैठक: गंगाधरपंत

प्रकाशनाच्या क्रमानं जाऊ नका. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ने सुरुवात करा. विज्ञानाचं नाव काढलं की मागे सरकणारी माणसंसुद्धा पानिपत म्हटल्यावर पुढे सरकतात. सीबीएसईच्या मुलांना ही कथा इंग्रजीतून ठाऊक असते, कारण एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ती आहे. त्यांना गप्प बसायची तंबी आधीच द्या.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात जातात, जिथे १४ जानेवारी १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. मुंबईत ग्रंथालयात बसून ते स्वतःच लिहिलेला इतिहास वाचतात आणि तो भलताच निघतो. आपल्याला माहीत असलेल्या हकिगतीत विश्वासरावांना गोळी लागते, तिथल्या बखरीत ती कानाजवळून निघून जाते. फरक तिळाएवढा. खुंटी ही एवढीच.

पुस्तक इथे मिटा. फळ्यावर दोन रकाने आखा: ‘गोळी लागली’ आणि ‘गोळी लागली नाही’. आपल्या नाशिकचं काय झालं असतं, असं विचारा. गंगापूर रोडनं आपण रोज येतो-जातो. विश्वासरावांच्या आई गोपिकाबाई धाकट्या मुलाशी, माधवरावांशी, बिनसल्यावर याच बाजूला गंगापूरला येऊन राहिल्या आणि १७८८मध्ये नाशिकलाच त्यांचा शेवट झाला. त्याच रस्त्यावरचं आनंदवल्ली हे आनंदीबाईंच्या नावानं वसलेलं गाव, राघोबादादांच्या मुक्कामाचं. आता दुसऱ्या रकान्यात लिहा बघू. थोरला मुलगा जिवंत आहे, तोच पेशवा झाला आहे, तर गोपिकाबाई पुणं सोडतील का? कथेतल्या जगात दादासाहेब, म्हणजे राघोबादादा, राजकारणातून बाजूला पडतात. मग आनंदवल्लीचा वाडा गजबजेल की ओस पडेल?

आमच्याकडे यावर तास कसा गेला कळलं नाही. एसटीतले काका म्हणाले, ‘दादा रिकामे बसले असते तर इथेच जास्त राहिले असते, आनंदवल्ली पुण्याच्या तोडीची झाली असती.’ सातवीतल्या मुलीनं विचारलं, ‘पण मग माधवराव पेशवे झालेच नसते, त्यांचं कुणालाच काही कळलं नसतं का?’ त्या प्रश्नावर सगळे थबकले. कथेत माधवराव भावाच्या जोडीनं काम करतात असा उल्लेख आहे, तो मी नंतर दाखवला. पण आधी तो प्रश्न तिला पडायला हवा होता.

मग पुस्तक उघडून राजेंद्र देशपांडे या पात्राचा उलगडा वाचा. लहानशा बदलानं परिस्थिती एकदम कलाटणी कशी घेते आणि अणूच्या जगात पुढचं नक्की का सांगता येत नाही, या दोन गोष्टी तो सांगतो. हा भाग विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्या. अडलं तर पुढच्या शनिवारी सांगू म्हणा. गंगाधरपंतांच्या खिशातल्या कागदाबद्दल मात्र आधी कुणाला काही सांगू नका, तो ज्याचा त्यानं कथेतच वाचावा.

दुसरी बैठक: बटर पेपर घेऊन या

‘उजव्या सोंडेचा गणपती’ नुसती वाचून अर्धीच कळते, हातानं करून बघितली की पूर्ण कळते. क्रिकेट, गणपतीची मूर्ती आणि भूमिती हे तिन्ही एका कथेत आणलं आहे. आमच्या गटाची सर्वांत लाडकी कथा हीच.

सामान साधं आहे. बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर, कात्री, सेलोटेप आणि पलीकडे उमटेल असं गडद स्केचपेन. चार सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब पट्टी कापा, कागद पुरत नसेल तर दोन तुकडे जोडा. आधी पट्टीची दोन टोकं सरळ जोडून बांगडी करा. तिच्यावर बाहेरून छोटा गणपती काढा: मुकुट पट्टीच्या उजव्या काठाकडे, सोंड पुढच्या दिशेला वळलेली. बोटभर पुढे सरकून तसाच दुसरा, मग तिसरा. फेरी पूर्ण करून पहिल्यापाशी आलात की शेवटचा आणि पहिला अगदी सारखे दिसतील. यात काहीच नवल नाही, पण हे आधी करायलाच हवं.

आता दुसरी पट्टी घ्या. टोकं जोडताना एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि मग टेप लावा. हीच मोबियसची पट्टी. पुन्हा तसेच गणपती काढत चला. मुकुट नेहमी उजव्या काठाकडे, सोंड पुढे, काठ न ओलांडता त्याच बाजूनं पुढे पुढे. एक फेरी झाली की तुम्ही पहिल्या गणपतीच्या पाठीमागे येता, आणि पातळ कागदातून तो आरपार दिसतो. तो उलटा, म्हणजे डोकं खाली, असा दिसेल. पट्टी फिरवून त्याला सरळ करा. सोंडेची बाजू बदललेली असते. तुम्ही एकदाही बाजू बदललेली नाही, आरसा वापरलेला नाही, नुसते सरळ चालत आलात.

इथे मुलांना श्वास घेऊ द्या. काही जण पट्टी सोडून पुन्हा करतात, करू द्या. नंतर विचारा, कागदावरच्या चित्राऐवजी अख्खा माणूस अशी फेरी मारून आला तर? त्याचं हृदय कुठल्या बाजूला असेल? तो सही कशी करेल? उजव्या हातानं गोलंदाजी करणारा परत येऊन कुठल्या हातानं टाकेल? एवढं झाल्यावर कथा वाचायला घ्या, पानागणिक माना वर होतील.

बी.एस्सी.वाल्या पोराला आणखी एक काम द्या. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि साखरेचे रेणू उजव्या घडणीचे. आरशातून आलेल्या माणसाला आईच्या हातचं जेवण अंगी लागेल का? आमच्या पोरानं ‘नाही लागणार’ असं सांगितल्यावर एक आजी कळवळून म्हणाल्या, ‘अरे, मग त्याला परत त्या फेरीत पाठवा लवकर.’ त्यांनी कथेतली नेमकी गोष्ट पकडली होती.

मग ‘कृष्णविवर’, आणि लेखकाची ओळख

लेखकाचा परिचय पहिल्या दिवशी वाचून दाखवायची पद्धत मला पटत नाही. दोन कथा आवडल्यावर लोक आपणहून विचारतात, ‘हे होते तरी कोण?’ तेव्हा सांगा.

जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे बालपण बनारसचं. १९५७ला केंब्रिज, तिथे फ्रेड हॉएल यांच्या हाताखाली संशोधन. १९६४मध्ये हॉएल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत जगापुढे आला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. १९७२ला भारतात परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक झाले, ते २००३पर्यंत. हॉएल स्वतः मोठे खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञान कादंबरीकारही, तेव्हा संशोधन करणाऱ्यानं कथा लिहिण्यात काही कमीपणा नाही, हे नारळीकरांनी गुरूच्या घरीच पाहिलं होतं.

‘कृष्णविवर’ ही त्यांची पहिली विज्ञानकथा. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती पाठवली, पण नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. ज्यांच्या नावाला दहा वर्षांपासून देशभर वजन होतं, त्यांनी ते नाव बाजूला ठेवून एका अनोळखी स्पर्धकासारखी कथा पाठवावी, याचं मला फार मोल वाटतं. मुलांना हे जरूर सांगा.

कथेसाठी एकच गोष्ट समजावून ठेवा: गुरुत्वाकर्षण जितकं जबर, तितकं घड्याळ संथ चालतं. कुणी ‘हे नुसतं पुस्तकातलं’ म्हणालं तर मोबाइलचा नकाशा उघडा. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. वेग आणि गुरुत्वाकर्षण या दोन्हींचा हा एकत्रित हिशेब आहे, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय नकाशा आपल्याला सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाला, नीट पोहोचवू शकत नाही. जमलं तर त्याच आठवड्यात त्र्यंबक रोडजवळच्या यशवंतराव चव्हाण तारांगणात मुलांना घेऊन जा.

‘धूमकेतू’ वाचताना सांभाळून

आपलं गाव तीर्थाचं. रामकुंड, त्र्यंबकेश्वर, सिंहस्थ. आमच्या गटात पूजापाठ सांगणारे गुरुजीही येतात. ‘धूमकेतू’मध्ये कोलकात्याचे हौशी आकाशनिरीक्षक दत्तदा धूमकेतू शोधतात आणि तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं. शास्त्रज्ञ तो वळवायची गुप्त मोहीम आखतात, तिकडे दत्तदांच्या घरी पत्नी इंद्राणीदेवी शांतीचा यज्ञ मांडतात. धूमकेतू टळतो. श्रेय कुणाचं? यावरून बालचित्र समितीनं १९८५मध्ये चित्रपटही काढला.

ही कथा पहिल्या बैठकीला ठेवू नका. माणसं एकमेकांना ओळखू लागल्यावर ठेवा. आणि ‘यज्ञ खरा की खोटा’ असा प्रश्न टाकू नका, त्यानं दोन बाकं तयार होतात. ‘श्रेय कुणाचं हे ठरवायला काय करून बघावं लागेल?’ असं विचारा. गुरुजी आमच्याकडे म्हणाले, ‘एकदा नुसता यज्ञ करून बघायचा आणि एकदा नुसतं रॉकेट सोडून.’ क्षणभर थांबून म्हणाले, ‘पण नुसता यज्ञ करून बघायची हिंमत मीही करणार नाही.’ मग एक काकू म्हणाल्या, ‘इंद्राणीदेवी खोटं नाही वागत, ती घाबरली आहे. नवऱ्यानं तिच्याशी बसून बोलायला हवं होतं.’ दत्तदांची बाजू घेणाऱ्या मलाही हे मान्य करावं लागलं.

तपासून बघणं म्हणजे काय, याचं नारळीकरांनी स्वतः केलेलं उदाहरण त्याच दिवशी सांगा. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस पाठवून कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांची उत्तरं आली, बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के. मुलांना नाणं चाळीस वेळा उडवायला लावा आणि छापे मोजा. आकडा समोर आला की आवाज चढवावा लागत नाही.

उरलेलं

‘हिमप्रलय’ जानेवारीत वाचा. मुंबईत बर्फ पडतो अशी ती कथा. वातावरणात साचलेल्या बारीक कणांनी सूर्याची ऊब अडते आणि हिमयुग दारात येऊन उभं राहतं. निफाडचा पारा घसरला की रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर त्याला त्या दिवशी बोलवा.

‘वामन परत न आला’, ‘प्रेषित’, ‘व्हायरस’, ‘अभयारण्य’ या कादंबऱ्या बैठकीत पुऱ्या होत नाहीत. ज्याला जी आवडेल ती घरी वाचावी आणि एक पान निवडून आणावं. मला विचाराल तर ‘वामन’ आधी. स्वतःपेक्षा हुशार यंत्र बनवलं की त्याच्यापुढे माणसाचं काय, हा त्यातला प्रश्न आज घरोघर पोहोचला आहे आणि कादंबरी १९८०च्या दशकातली आहे.

एक मोकळेपणानं सांगते, त्यांची पात्रं मनात फार रेंगाळत नाहीत. संवाद अनेकदा माहिती पुरवण्यासाठी येतात. कुणी ही तक्रार केली तर ती मान्य करा आणि त्यालाच ते पात्र दोन परिच्छेदांत रंगवून आणायला सांगा.

आत्मचरित्रातली चार नगरं म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणं. २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला आहे. दोन कथांच्या मध्ये एकेका नगरातला तुकडा वाचत जा. बनारसच्या घरात भिंतीवर फळे होते. मोरूमामा त्यांतल्या एकावर छोट्या जयंतासाठी गणिताचं कोडं लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. आम्ही हे जसंच्या तसं उचललं. पार्किंगच्या खांबावर फळा टांगला आहे, त्यावर एक प्रश्न आठवडाभर राहतो, खाली कुणीही उत्तर लिहावं. दूधवाल्यानंसुद्धा लिहिलं आहे.

शेवटी लिहायला लावा. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते, तिचे नियम परिषदेकडून मागवा. खुंटी एक, जागा नाशिकची आणि जास्तीत जास्त चार फुलस्केप पानं, एवढीच अट ठेवा. नावं वेगळ्या चिठ्ठीवर घ्या आणि कथा दुसऱ्याच्या अक्षरात उतरवून घ्या, म्हणजे कुणाची कुठली हे वाचेपर्यंत कळत नाही. आमच्या सातवीतल्या मुलीनं दुतोंड्या मारुती घेतला आहे. गोदेचा पूर आपण त्याच्या गुडघ्या-कमरेवरून मोजतो. तिच्या कथेत त्याचं एक तोंड आजचं पाणी बघतं आणि दुसरं उद्याचं. मी तिला एवढंच विचारलं आहे की, उद्या पाणी गळ्यापर्यंत येणार हे एकट्या तुलाच कळलं, तर पंचवटीतल्या दुकानदारांना ते कसं पटवशील? ते पान ती या शनिवारी आणणार आहे.